कोंबडी खाली, आई वर

घर विकायचं असेल तर आधी घरातली जनावरं नाहीशी करा, असं एजंट मला म्हणाला तेव्हा मी त्याच्यासाठी चहा करत होते. माझा इतका संताप झाला की साखर घालायची राहिली. त्यानं तो चहा मुकाट्यानं प्यायला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"भाभी, पार्टी को घर दिखना चाहिए, सर्कस नहीं," तो म्हणाला. सर्कस म्हणजे आमचा कुत्रा, आमचं मांजर आणि आमची कोंबडी.

भाईंदर पूर्वेला आमचं वन रूम किचन होतं. चौथा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. ऐंशीचं दशक संपता संपता मुंबईतली चाळीतली खोली सोडून आम्ही इथं आलो, तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आई, माझ्या आधी वर पोचायच्या आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकून मला चिडवायच्या, "काय गो, दमलीस?" वारा छान येतो, गॅलरीतून लांबची मिठागरं दिसतात, असं आम्ही येईल त्याला कौतुकानं सांगायचो. मग आईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, जिने टाळा. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे घरातच बसा सांगणं झालं. त्या वर्षी गणपतीच्या विसर्जनाला त्या हट्टानं खाली उतरल्या आणि परत येताना तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून रडल्या. रत्नागिरीच्या या खमक्या बाईला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत.

बाजारहाट मात्र त्यांनी सोडला नाही. गॅलरीच्या गजाला त्यांनी एक लांब दोर बांधला आणि दोराला वेताची टोपली. रोज सकाळी चेणे गावाहून एक भाजीवाली यायची. खालून तिची हाक यायची, "आये!" की आईंचं डोकं गॅलरीबाहेर आणि टोपली खाली. दोराला दोन झटके बसले की आईंनी वर ओढायची. भाजीबरोबर गप्पाही याच वाटेनं चालत, आणि त्या साऱ्या इमारतीला ऐकू जात. भाजीवालीची लेक बाळंत झाली तेव्हा आईंनी टोपलीतून बाळासाठी हातानं शिवलेली कुंची खाली सोडली. दुसऱ्या दिवशी टोपली ओढताना जड लागली. वर आली तर आत पाय बांधलेली तांबडी कोंबडी!

आमच्या ह्यांनी लगेच रविवारचा बेत ठरवून टाकला. पण सकाळी कोंबडीनं गॅलरीत अंडं घातलं आणि आईंनी जाहीर केलं की ही आता घरातली. कुत्रा ह्यांनीच पिल्लू असताना स्टेशनजवळून उचलून आणला होता. मांजर कुणीच आणलं नव्हतं, ते आपलं आपण आलं होतं. असा हा आमचा संसार.

भाईंदरमध्येच, इंद्रलोक वस्तीच्या बाजूला आम्हाला तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. दार उघडलं की समोर मोकळी जागा आणि बदामाचं झाड. तिथं आई दारात बसू शकल्या असत्या, चार पावलं टाकू शकल्या असत्या. घरमालक भला होता, म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबतो, मग मात्र दुसऱ्याला देऊन टाकीन." म्हणजे दिवाळीच्या आत आमचं घर विकलं जायला हवं होतं. नाहीतर आई वरच राहणार होत्या. हे मला झोपेतही आठवायचं.

आणि नेमकी जनावरं आड येत होती.

पहिली पार्टी आली ती कुत्र्यामुळे गेली. आमच्या कुत्र्याला पाहुणे फार आवडत. इतके, की आलेला पाहुणा परत जाऊ नये म्हणून तो त्याची एक चप्पल पळवून आईंच्या खाटेखाली दडवायचा. नातेवाइकांना हे ठाऊक असल्यानं ते चपला हातात धरूनच आत यायचे. त्या गृहस्थांना काय ठाऊक? ते एकाच पायात बूट घालून लंगडत जिना उतरले आणि पुन्हा आले नाहीत. बूट मी दुसऱ्या दिवशी एजंटच्या हातात ठेवला.

दुसरी पार्टी म्हणजे एक शुद्ध शाकाहारी जोडपं. बाई गॅलरीकडे वळल्या आणि कोंबडीनं त्यांच्यादेखत, त्यांच्या पायाशी अंडं घातलं. आई उत्साहानं म्हणाल्या, "शकुन झाला हो!" एजंटनं कपाळाला हात लावला.

तिसऱ्या खेपेला त्यानं मला बजावून ठेवलं. कुत्रा आणि कोंबडी दिसता कामा नयेत. "बिल्ली चलेगी. बिल्ली तो बाहर की भी हो सकती है." विकण्याचं कारण विचारलं तर बदली झाली असं सांगायचं. गुडघ्यांचं आणि जिन्यांचं नाव काढायचं नाही. ह्यांनी आरशासमोर दोनदा "बदली झाली" म्हणून पाहिलं. ह्यांना खोटं बोलताना कान खाजवायची सवय आहे, आणि दोन्ही वेळा हात कानाकडे गेला.

कुत्रा आम्ही समोरच्या गुजराती भाभींकडे ठेवला. भाभी कुत्र्याला भयंकर भ्यायच्या. तरी "बा के लिए रख लेती हूँ" म्हणाल्या, आणि तो आत शिरल्याबरोबर सोफ्यावर चढून उभ्या राहिल्या. कोंबडीचं काय करायचं? आई म्हणाल्या, "ते माझ्यावर सोड." त्यांनी भाजीवालीशी आधीच बोलून ठेवलं होतं. रविवारी सकाळी कोंबडी टोपलीत बसून खाली गेली. पार्टी निघून गेली की आई गॅलरीतून हाक मारणार, मग भाजीवालीनं दोराला झटके द्यायचे आणि कोंबडी वर. बेत चोख होता. आईंच्या तोंडावर असा काही आनंद होता की त्यांच्या गुडघ्यांचं दुखणंही विसरायला झालं.

पार्टी म्हणजे दादरहून आलेलं मराठी जोडपं, आमच्यापेक्षा जरा तरुण. बाई शांत, सगळं निरखून बघणाऱ्या. नवरा बोलका. घर त्यांना पसंत पडतंय असं दिसत होतं. मांजर गाद्यांच्या चळतीवर झोपलं होतं आणि एजंट त्याच्याकडे अनोळखी नजरेनं बघत होता, अगदी बेमालूम.

"विकताय का पण?" बाईंनी विचारलं.

"बदली झालीय," हे म्हणाले आणि त्यांनी कान खाजवला.

"आई, तुम्हाला करमेल का नव्या गावी?" बाईंनी आईंना विचारलं. आई नुसत्या हसल्या. मी देवाचं नाव घेत होते.

आता, भाईंदरला त्या दिवसांत घर बघायला येणारा शहाणा माणूस एक गोष्ट हमखास करायचा. पाणी किती वेळ येतं हे तो घरमालकाला विचारायचा नाही, कारण घरमालक खरं सांगणार नाही. तो शेजाऱ्याचं दार वाजवायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्हीही घर घेताना तेच केलं होतं. तरी कुत्रा मी शेजारीच ठेवला! नवरा "जरा आलो" म्हणून बाहेर पडला आणि समोरच्या दाराची बेल वाजली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच वेळी बाई गॅलरीत गेल्या आणि मिठागरं बघायला वाकल्या. खालून मोठ्यानं हाक आली, "आये! गेली का गो ती मान्सा? तुझी कोंबरी घे वर, माना घरा जायाचा हाय!"

त्या भाजीवालीचं काही चुकलं नव्हतं. खालून तिला रोज दिसायचं ते एक डोकं, मागं आभाळ. आजही डोकं दिसलं. ते दुसऱ्या कुणाचं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिनं टोपलीत कोंबडी ठेवली आणि दोराला दोन झटके दिले.

बाईंनी दोराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि त्या दोर ओढायला लागल्या. त्यांचं हे ओढणं बघून आई न राहवून म्हणाल्या, "हळू गो, भिंतीला लागेल ती."

तेवढ्यात दारातून आमचा कुत्रा सुसाट आत आला. तोंडात एक चप्पल. मागून एका पायात चप्पल घातलेला नवरा, आणि त्याच्यामागं घामाघूम झालेल्या भाभी. भाभी शेवटपर्यंत लढत होत्या. "ये हमारा कुत्ता है! हमारा ही है!" तोवर कुत्रा खाटेखाली शिरला, चप्पल ठेवली आणि शेपटी हलवत आईंच्या पायाशी बसला. गॅलरीच्या दारात बाई उभ्या होत्या, कोंबडीला छातीशी धरून.

एजंट भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"हा दोर कशाला बांधलाय?" बाईंनी विचारलं. प्रश्न आईंना होता.

मी तोंड उघडणार तोच आई म्हणाल्या, "बदली कुणाची झालेली नाही. माझे गुडघे गेलेत. गेल्या वर्षीच्या गणपतीपासून मी खाली उतरले नाही. ही पोरं माझ्यासाठी हे घर विकतायत. पाय वर नि बाजार खाली, म्हणून दोर. कोंबडी माझी आहे, कुत्रा आमचा आहे, नि ते गादीवरचं मांजरसुद्धा आमचंच. आता घ्यायचं तर घ्या."

मला तेव्हा रडू आलं. राग नव्हता आला, लाजही वाटली नव्हती. एवढ्या लोकांपुढे आईंनी स्वतःच्या गुडघ्यांविषयी सांगितलं होतं. एरवी त्या डॉक्टरलासुद्धा "बरं आहे" म्हणायच्या.

बाईंनी कोंबडी खाली ठेवली. नवऱ्याला विचारलं, "पाण्याचं काय म्हणाल्या त्या?"

"सकाळी थोडा वेळच येतं म्हणाल्या. पण कुणाचं भरायचं राहिलं तर बाकीचे देतात म्हणे."

भाभींनी मान डोलावली. "झूठ नहीं बोलूँगी, पानी का प्रॉब्लेम है," त्या म्हणाल्या. कुत्र्याबाबतीत त्या आत्ताच काय बोलल्या होत्या, याची कुणी त्यांना आठवण करून दिली नाही.

बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग भाभी हसल्या, मग आम्ही सगळेच. हसू ओसरल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आतापर्यंत बघितलेल्या सगळ्या घरांत सगळं छान होतं आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मला हे पाहिजे." मग आईंकडे वळून, "पण दोर इथंच ठेवून जायचा. आणि ती भाजीवाली माझ्यासाठी थांबेल ना?"

"दोर ठेवते," आई म्हणाल्या. "टोपली नाही देणार."

दिवाळीच्या आधी आम्ही हललो. आईंना खुर्चीत बसवून उतरवायचं असं इमारतीतल्या माणसांनी ठरवलं होतं, पण त्यांनी साफ नकार दिला. एकेक पायरी करत त्या स्वतः उतरल्या, आणि प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी टेकून चहा प्यायल्या. त्यामुळे सारी सकाळ उतरण्यातच गेली. टेम्पोवाला वैतागला, तर त्यालाही कुणीतरी चहा दिला. कोंबडी भाभींनी स्वतः खाली आणली, हात लांब ताठ धरून, डोळे मिटून. मांजर मात्र आमच्याकडे टिकलं नाही. दोनदा ते चालत जुन्या घरी गेलं, दोनदा मी आणलं. मग निरोप आला की ते गाद्यांच्या चळतीवर झोपलंय, राहू दे. एजंट म्हणाला होता ते खरंच झालं, ते बाहेरचंच निघालं.

नव्या घरी आई सकाळ झाली की टोपली घेऊन बदामाखाली बसायच्या. जुन्या घरच्या बाईंनी भाजीवालीला आमचा पत्ता दिला होता, पण ती काही दिवस आलीच नाही. येणार नाही ती, एवढ्या लांब कशाला येईल, असं आई दुपारी म्हणायच्या आणि सकाळी पुन्हा जाऊन बसायच्या.

एके दिवशी ती आली. डोक्यावर पाटी घेऊन ती आईंच्या समोरून गेली, अंगणाच्या मध्यावर थांबली, मान वर करून तिनं सगळ्या गॅलऱ्या न्याहाळल्या आणि चौथ्या मजल्याकडे बघून हाक मारली, "आये!"

आई तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर बसल्या होत्या.

"अगो, वर काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मी खाली आहे."

ती वळली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाळाच्या कुंचीपासून गुडघ्यांपर्यंत सगळं त्यांना एकमेकींचं ठाऊक होतं, आणि तरी त्या समोरासमोर कधी आल्याच नव्हत्या. भाजीवालीनं पाटी उतरवली. "तूच का गो आये? मी आपली मुंडीच बघितली हाय तुझी आजवर." आईंनी हात पुढे केला आणि तिच्या आधारानं उठून उभ्या राहिल्या. मग पाटीतली वांगी एकेक करून दाबून बघितली आणि म्हणाल्या, "मेले, हीच किडकी वांगी वर पाठवत होतीस होय मला?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्या दोघी बदामाखाली इतका वेळ भांडल्या आणि हसल्या की माझा भात करपला. शेवटी भाजीवाली जायला उठली तर तिची एक चप्पल सापडेना. तिनं झाडाभोवती शोधलं, पायरीखाली शोधलं.

कुत्रा आईंच्या पायाशी झोपल्याचं सोंग करत होता. आईंनी पदर नीट करून मांडीवरच्या टोपलीवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "मिळेल गो. बस जरा."