गादी घेताना आईला सोबत आणा

लातूरच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत माझ्याआधी माझी गादी चढली. अब्बांनी ती गुंडाळून सुतळीने इतकी आवळली होती की कंडक्टरने विचारलं, "चाचा, ह्याच्यात माणूस बांधलाय का काय?" अब्बा म्हणाले, "पोरगी नौकरीला चाललीय. गादी न्हाई नेली तर झोपंल कशावर?" कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. अम्मी खिडकीखाली उभी राहून रडत होती आणि मी मान खाली घालून बसले होते, कारण मागच्या सीटवरची कॉलेजची मुलं हसत होती. आईच्या रडण्यापेक्षा मला त्यांच्या हसण्याचं जास्त वाटलं. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. आजोबा खांद्यावर पिंजायची धनुकली टाकून रेणापूर, अहमदपूरच्या गल्ल्यांतून हाका देत फिरायचे. अब्बांनी लातुरात दुकान टाकलं आणि पिंजायचं मशीन आणलं. पुढे शहरात क्लासेसचं पेव फुटलं आणि दर जूनला आमच्या दारात जत्रा भरू लागली. नांदेड, देगलूर, देवणीहून आई-बाप मुलांना घेऊन उतरायचे. एक बादली, एक टेबलफॅन आणि एक गादी, एवढं घेऊन देऊन डोळे पुसत परत जायचे.

अब्बांची एक खोड होती. गादी भरण्याआधी ते विचारायचे, "लेकरू कुशीवर झोपतंय का उताणं?" कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याकडे कापूस जास्त लागतो, उताण्याला कमरेकडे. वडील नुसते आलेले असले की ते छताकडे बघायचे. त्यांना दहावीचे मार्क तोंडपाठ असत, पण मुलगा कसा झोपतो ते माहीत नसे. मग अब्बा म्हणायचे, "घरी फोन लावा, आईला विचारा." मला या प्रश्नाची भयंकर लाज वाटायची. एवढी मोठमोठी माणसं आणि हे त्यांना झोपेचं काय विचारतात!

पुण्यात मला नोकरी लागली ती लिहिण्याची. आमची कंपनी परदेशातल्या छोट्या धंद्यांसाठी ब्लॉग लिहायची. ऑस्ट्रेलियातला एक प्लंबर माझ्या वाट्याला आला होता. गळका नळ कसा दुरुस्त करावा, हिवाळ्यात पाइप का फुटतात, असलं काय काय मी त्याच्या नावाने लिहायचे. मी आयुष्यात एक वॉशर बदललेला नाही. पण लोक ते वाचायचे आणि नळ दुरुस्त करायला त्यालाच बोलवायचे.

लग्न झालं, हडपसरला फ्लॅट झाला. त्यात एक खोली आम्ही अम्मी-अब्बांसाठी ठेवली होती. अम्मी त्या खोलीत राहायला कधी आलीच नाही, त्याआधीच गेली. इकडे लातुरात होस्टेलवाले फोमच्या गाद्या स्वतःच द्यायला लागले. जूनमध्येसुद्धा अब्बा दुकानात पेपर वाचत बसलेले असत. शेजारच्या क्लासच्या सरांना ऑफिससाठी आमचं दुकान हवं होतं. मी म्हटलं, "अब्बा, देऊन टाका. पुण्याला या." ते म्हणाले, "तिथं येऊन मी काय करू? तुझ्या पलंगावर बसून राहू?"

शेवटी आमच्यात सौदा ठरला. मी दुकानाचा ब्लॉग लिहिणार. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं तर दुकान राहील, नाही तर अब्बा मुकाट्याने पुण्याला येतील. आम्ही दोघं हट्टी, म्हणून हे फोनवर तीनदा कबूल करून घेतलं.

पहिला लेख मी ऑफिसच्या थाटात लिहिला. "मराठवाड्यातील अग्रगण्य व दर्जेदार गाद्यांचे एकमेव दालन" वगैरे. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्या काकूंनी तो छापून अब्बांच्या हातात दिला. अब्बांचा लगेच फोन आला. "बेटा, हे कुणाचं दुकान हाय? आपलं न्हाई हे. आपल्याकडं दालन कुठंय, मागं एक खोली हाय अन् तिच्यात मशीन हाय."

लाजले मी. ऑफिसात रोज दुसऱ्यांना शिकवत होते की विकू नका, तुम्हाला माहीत आहे ते सांगा. आणि बापाच्या दुकानावर लिहिताना पाटी रंगवून मोकळी झाले होते.

मग ठरलं, दर शुक्रवारी दुपारी नमाज पढून आल्यावर अब्बा फोन करणार, ते बोलणार आणि मी टाइप करणार. सुरुवातीला ते कुरकुरले. "चांगला कापूस कसा वळखायचा, चिंध्या दळून केलेला कसा असतो, समदंच सांगितलं तर माझ्याकडं कशाला येतील लोकं?" मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या प्लंबरची गोष्ट सांगितली. अब्बांनी विचार केला. "नळवाला शहाणा हाय," म्हणाले. तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या आधी त्या नळवाल्याची खुशाली विचारायला लागले.

'गादी घेताना आईला सोबत आणा' हा आमचा पहिला खरा लेख. कुशीवर, उताणं, सगळं त्यात आलं. ज्या प्रश्नाची मला लाज वाटायची तो मी दहा वेळा नीट करून लिहिला. चार दिवसांत नांदेडहून एका बाईंचा दुकानात फोन आला. "माझी मुलगी पोटावर झोपते हो, तिला कशी भरायची?" अब्बा हरखले. असं कुणी फोन करून कधी विचारलंच नव्हतं.

एका शुक्रवारी मी विचारलं, जुना कापूस परत पिंजलेला चालतो का? अब्बा म्हणाले, "चालतो की." मग त्यांनी जे सांगितलं ते घरात मी कधी ऐकलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर महिनाभराने औशाकडच्या एका गावातून एक बाई टेम्पोत चार गाद्या टाकून आली होती, ढिगाऱ्यातून काढलेल्या. अब्बा तिला म्हणाले, हे टाकून द्या, मी नवा कापूस भरून देतो. ती म्हणाली, "न्हाई भाऊ. ह्याच्यावर माझी लेकरं झोपायची. हाच भरा." मशीनमध्ये खडे गेले असते, म्हणून अब्बांनी तो कापूस उन्हात पसरून हाताने निवडला आणि आजोबांच्या धनुकलीवर पिंजला. बाईने एकच गादी भरून मागितली. तेवढीच लागणार होती तिला.

मी टाइप करायची थांबले. अब्बा म्हणाले, "लिहायलीस ना? लिही. जुना कापूस मरत न्हाई, उन्हात घातला की परत फुलतो."

तो लेख कुणी कुणाला पाठवला देव जाणे. पण लोक माळ्यावरच्या गाद्या काढून आणू लागले. कुणी लग्नातली रुखवताची, कुणी वारलेल्या वडलांची. झेरॉक्सवाल्या काकू प्रत्येक लेखाची प्रत काढून दुकानात दोरीला चिमट्याने टांगायच्या आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचूनही दाखवायच्या. एका शुक्रवारी अब्बा म्हणाले, "आज थोडक्यात सांगतो, लई गर्दी हाय." मी आनंदाने नवऱ्याला सांगायला गेले, आणि सांगता सांगताच माझं तोंड उतरलं. दिवाळी पाच आठवड्यांवर आली होती. हडपसरची ती खोली रिकामीच राहणार होती, आणि ते माझ्याच हाताने होत होतं.

त्या आठवड्यात मी लेख टाकलाच नाही. अब्बांनी सांगितलेलं सगळं माझ्याजवळ लिहून तयार होतं. सोमवारी त्यांचा फोन आला. "लेख न्हाई आला? झेरॉक्सवाली बाई दोनदा विचारून गेली." मी म्हटलं, "साइट बंद पडलीय, अब्बा." आयुष्यात अब्बांशी इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "बरं. चालू झाली की टाक. घाई न्हाई." त्या "घाई न्हाई"ने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बुधवारी लेख टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी घेऊन लातूरला गेले. गाडी मोठी घेतली होती, अब्बांचं सामान बसेल अशी. आशा कुठं सुटते माणसाची? दुकानात देवणीच्या एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या, अब्बा त्यांच्याशी बोलत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? बस जरा, गिऱ्हाईक हाय." मी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. ती आई सांगत होती की मुलगी झोपेत भिंतीला सरकते, आणि अब्बा मान डोलावून ऐकत होते. इतके ताजेतवाने ते मला अम्मी गेल्यापासून दिसले नव्हते.

मायलेकी गेल्यावर मी म्हटलं, "अब्बा, साइट बंद पडली नव्हती. मीच मुद्दाम लेख टाकला नव्हता."

ते गादीला टाका घालत होते. दाभणातला दोरा ओढत म्हणाले, "मला म्हाईत हाय. म्हणून तर फोन केलो. म्हनलं, पोरगी रुसली असंल." टाक्याला गाठ मारून म्हणाले, "मला बी तुझ्याजवळ यावं वाटतं, बेटा. पन इथं मी लोकांना लागतो." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्या शर्टावरचा कापूस माझ्या केसांत अडकला, तो ते हळूहळू वेचत बसले. संध्याकाळी क्लासच्या सरांना मीच जाऊन सांगितलं की दुकान द्यायचं नाही.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यातले पुष्कळजण माझ्यासारखे गाव सोडून आलेत आणि प्रत्येकाच्या फ्लॅटमध्ये अशी एक खोली आहे. गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की आम्ही तुम्हाला विसरलो. आम्ही तर तुमच्यासाठी पडदेसुद्धा निवडून ठेवलेत. मला वाटायचं, अब्बा त्या खोलीत आले की माझं घर पूर्ण होईल. आता कळतं, माझं घर म्हणजे अब्बा जिथे लोकांना लागतात ती जागा, आणि ती लातुरात आहे. त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. तरी दर आठवड्याला मी लेख लिहिते आणि त्यांना तिथेच ठेवते.