मावशी एकट्या अंदमानला गेल्या

मावशी अंदमानला निघाल्या, तेव्हा मी त्यांना चाकांची मोठी बॅग भेट दिली. वर माधवनगरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला बातमीही देऊन टाकली. आमच्याकडे माणूस परगावी निघालं, की लोक त्याच्या हाती काहीतरी देतातच. बघता बघता भडंग, बेदाणे, हळदीच्या पुड्या येऊन पडल्या. शेजारच्या काकूंनी तिकडं पलटणीत असलेल्या भाच्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिली. मी सगळं कोंबलं, बॅगेवर बसून चेन ओढली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी, कवठे महांकाळच्या. सत्तरीला टेकलेल्या. त्यांनी आधी बॅगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावईबापू, ही मला घिऊन जाणार, का मी हिला?"

"चाकं आहेत की, मावशी."

"बोटीच्या जिन्यावर चाकं चढत्यात व्हय?"

मग त्यांनी स्वतःची पिशवी दाखवली. खांद्याला अडकवायची, घरी शिवलेली. आत एक पातळ साडी, टॉवेल, गोळ्या, साबणाची वडी, छत्री. "तिकडं हवा वली. जाड कापड वाळत न्हाई, वास मारतंय. एक अंगावर, एक दोरीवर. बास." हे त्यांना कसं ठाऊक? तर आधी एकट्याच कोकणात जाऊन सराव करून आल्या होत्या! मी कोकणात जाताना घरची उशी नेतो.

त्यांचा थोरला मुलगा दारात अडून उभा होता. "आई, मी संगं येतो. न्हाईतर तू बी जायचं न्हाई."

"तू आलास की तू जेवलास का, झोपलास का, ह्येच बघत बसंन मी. मला मालकांकडं जायचंय."

मालक म्हणजे त्यांचे यजमान. सैन्यात होते. तिकडच्याच एका बेटावर तापानं गेले, अग्नीही तिकडंच दिला. मावशी तेव्हा ऐन पंचविशीत. गावात आली ती नुसती त्यांची काळी ट्रंक. मुलं 'नेतो, नेतो' म्हणत मोठी झाली; त्यांनाही मुलं झाली.

"सामान काय, घरी येतंच रं," मावशी मुलाला म्हणाल्या. "माणूस येत न्हाई." आणि पिशवी खांद्याला लावून त्यांनी आमचा जिना वर चढून, खाली उतरून दाखवला. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. मुलगा दारातून बाजूला झाला.

गल्लीचा माल घरोघर परत करायची कामगिरी अर्थात माझ्यावर आली. "माया तोंडानं करावी, जावईबापू. पोत्यानं नगं." चटणी मात्र त्यांनी ठेवून घेतली. म्हणाल्या, "पलटणीतलं पोरगं हाय."

मिरजेहून रेल्वे, चेन्नईहून बोट. फोनवर एवढंच म्हणायच्या, "हाय मी." आम्ही इकडं नकाशा उघडून बसायचो, अर्धा नकाशा निळाच. त्या निळ्यात कुठंतरी आमच्या मावशी साडी वाळत घालत असतील, या विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा.

परत आल्या त्या उन्हानं रापून, चटणी पोचवून. मुलानं विचारलं, "जागा घावली का, आई?"

"एका म्हाताऱ्या हवालदारानं किनारा दावला. हितंच कुटंतरी, म्हणला. मला तेवढं बास."

"मूठभर माती तरी आणायची हुतीस."

"आणायला न्हवती गेली मी. सांगायला गेली हुती." मावशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "ते 'येतो' म्हणून गेलं हुतं. म्हणलं, तुमास्नी न्हाई जमलं यायला, म्हणून मीच आली. पोरं शाणी निघाली. आता वाट बघायचं सोडती मी."

मावशींनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

मावशी त्यांच्या गावी परत गेल्यावर मी दूध आणायला म्हणून चपला घालत होतो. आतून बायको बाहेर आली. डोळे लाल. म्हणाली, "मला सांगितल्याशिवाय कुठंही जायचं नाही तुम्ही. कळलं?"