डुइसबुर्गचे पांढरीपांडे

कॅरी या अमेरिकन गावात नवीन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला अमेरिका समजावून सांगण्याचा मक्ता उल्हास पांढरीपांडेकडे होता. क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं, घर कुठल्या शाळेच्या हद्दीत बघावं, लॉनला खत कधी घालावं, सगळं. स्वतःला वीस वर्षांत ग्रीन कार्ड मिळालेलं नाही ही बाब तो किरकोळ समजत असे. मी विनीता, त्याची शेजारीण, त्यामुळे ही व्याख्यानं मला फुकट आणि वारंवार ऐकायला मिळाली.

त्याचं एक मत तर मला पाठ होतं. "दुसऱ्याच्या देशात जायचं तर भाषा शिकून जावं. हे लोक दहा-दहा वर्षं राहतात आणि इंग्लिश बोलत नाहीत." हे लोक म्हणजे त्या दिवशी आमचं छप्पर बदलणारे तिघे मेक्सिकन. ते भर उन्हात काम करत होते आणि उल्हास सावलीत चहा पीत होता, त्यामुळे विचार करायला वेळ त्यालाच होता.

त्याची बायको शैलजा अशा वेळी सुईत दोरा ओवत असे. तिच्या मांडीवर कायम काहीतरी शिवण असे. नागपूरला तिने ड्रेस डिझाइनचा कोर्स केला होता. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली तेव्हा काम करायला परवानगी नव्हती, आणि पुढे परवानगी आली तेव्हा कोणी काम देईना. मग इथल्या मराठी मंडळाने तिच्या कलागुणांना वाव दिला. म्हणजे दर गणपतीला वीस मुलींच्या नऊवारी तिच्याकडून शिवून घेतल्या आणि स्टेजवरून आभार मानले, तेही वेळ उरला तर.

एका सकाळी व्हिडिओ कॉलवर उल्हासच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं. नोकरी गेली की अशा व्हिसावर दोन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर निघा. अमेरिका इतरांना समजावणाऱ्या माणसाला अमेरिकेत कोणी घेईना. शेवटी कॉलेजचा मित्र विष्णू जर्मनीत होता, त्याच्या ओळखीने काम मिळालं. गाव डुइसबुर्ग. पोलाद कारखान्यांच्या गोदामांचं सॉफ्टवेअर.

निरोपसमारंभात मंडळातल्या केदारने विचारलं, "म्हणजे म्युनिकच्या जवळ का?"

"जवळच," उल्हास म्हणाला. सहाशे किलोमीटरला जवळ म्हणायची सवय अमेरिकेत लागतेच.

पुढे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो येऊ लागले. किल्ले, द्राक्षमळे, चर्चचे मनोरे. त्यातला एकही डुइसबुर्गचा नव्हता. डुइसबुर्ग मला शैलजाच्या फोनवरून कळलं. खिडकीतून भट्टीची चिमणी दिसते, बाहेर वाळत घातलेल्या चादरीवर कधी कधी काळी भुकटी बसते, आणि घराला स्वयंपाकघर आहे पण त्यात काही नाही. तिथले भाडेकरू म्हणे जाताना ओटा, सिंक, कपाटं उचलून नेतात. दीड महिना तिने भांडी बाथटबमध्ये घासली.

कारखान्यात दुपारी लोक समोरून जाताना "माल्त्साइट" म्हणत. उल्हासला वाटलं, हे आपलं नाव सांगतायत. तोही हात पुढे करून "पांढरीपांडे" म्हणत राहिला. तो जेवणाच्या वेळेचा रामराम आहे हे त्याला आठवड्याने कळलं. तोवर अर्धा कारखाना जेवायला जाताना एकमेकांना पांढरीपांडे म्हणायला लागला होता.

जर्मन शिकायला तो तयार नव्हता. ऑफिसच्या मीटिंगा इंग्लिशमध्ये होत. खरे निर्णय नंतर कॉफीच्या मशीनपाशी जर्मनमध्ये होत, हा योगायोग. सरकारी कचेरीत फोन करायची वेळ आली तेव्हा त्याने चॅपल हिलच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, रुहीला, गळ घातली, की तू शाळेत दोन वर्षं जर्मन घेतलं होतंस, तूच बोल. रुहीचा जन्म कॅरीचा. ती म्हणाली, "बाबा, यू आर द इमिग्रंट. यू लर्न इट."

शैलजाने मात्र कोणालाच विचारलं नाही. भाजीला म्हणून ट्रामने मार्क्सलोह भागात गेली, तर तिथे रस्ताभर तुर्की लोकांची नवरीच्या कपड्यांची दुकानं. पांढरे झगे, लाल ओढण्या, मणी, जरी. एका खिडकीशी ती इतका वेळ उभी राहिली की मालकीण बाहेर आली. नुरजान तिचं नाव. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शैलजाने स्वतःच्या ओढणीचा काठ उलटा करून टाका दाखवला. पुढच्या आठवड्यात ती अर्धा दिवस कामाला जायला लागली आणि वर्षभरात पूर्ण दिवस. जर्मन ती नुरजानकडून शिकली. ते ऐकून जर्मन माणसं विचारत, तुम्ही तुर्कस्तानात कुठल्या.

"कॅरीत कोणाला सांगू नकोस," उल्हास तिला म्हणाला. "विचारलंच तर फॅशन कन्सल्टिंग म्हण."

तिने त्याच संध्याकाळी मला फोन करून सांगितलं.

हिवाळ्यात घराचं हीटिंग बंद पडलं. उल्हासने घरमालकाला सविस्तर इंग्लिश ईमेल पाठवल्या, तीन. मग शैलजाने दुकानातून फोन लावला आणि नुरजानच्या शैलीत पाच मिनिटं भांडली. दुसऱ्या दिवशी माणूस हजर. "माझी ईमेल वाचली असणार त्यांनी," उल्हास म्हणाला.

असं दोन वर्षं चाललं आणि मग ग्रीन कार्डचा नंबर लागला. कॅरीच्या जुन्या कंपनीलाही अचानक त्याची आठवण झाली. परत या, बाकीचं आम्ही बघतो. उल्हास बकलावा ही तुर्की मिठाई घेऊन घरी गेला. शैलजा एका झग्याला मणी लावत बसली होती.

"कधीची तिकिटं काढू?"

"तुझं काढ," ती म्हणाली. "मे महिन्यापर्यंत माझ्या नवऱ्या ठरल्यात."

"शैलजा, बावीस वर्षं वाट बघितली आपण."

"तू बघितलीस. मी शिवत होते."

तो एकटाच कॅरीला 'अंदाज घ्यायला' आला आणि आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहिला.

रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने, श्रीरामने, लॉन कापायला मशीन सुरू केलं, तर हा खिडकीतून म्हणाला, "आज? रविवारी?" जर्मनीत रविवारी असला आवाज करायला मनाई असते. दूध आणायला पायी निघाला. थोड्याच अंतरावर फुटपाथ संपला, आणि हा गवतातून चाललेला बघून पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, सर, तुम्ही ठीक आहात ना. आमच्या पावाला त्याने पाव म्हणायचं नाकारलं. मंडळात सगळ्यांनी विचारलं, जर्मनी कशी आहे, आणि तो तोंड उघडणार तोच घरांच्या किमतींवर गेले. केदारने त्याला कोपऱ्यात घेऊन हल्ली क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं ते समजावलं. मक्ता आता केदारकडे होता.

घरी आल्यावर उल्हासने मला विचारलं, "विनीता, मी असाच बोलायचो का?"

"नाही," मी म्हटलं. "तू जास्त वेळ बोलायचास."

तो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शैलजाला व्हिडिओ कॉल केला. तिकडे शनिवारची दुपार, दुकान भरलेलं. तिने फोन कुठल्यातरी फळीवर टेकवून ठेवला आणि ती कामाला लागली. तो बराच वेळ झग्यांच्या कडा बघत बसला होता.

कंपनीला त्याने नाही कळवलं. मंडळाला सांगितलं की युरोपातलं पेन्शन जास्त विचारपूर्वक केलेलं आहे. लोकांना ते पटलं, कारण पेन्शनसाठी माणूस काहीही करतो हे सगळ्यांना समजतं, बायकोसाठी म्हटलं असतं तर चौकशा झाल्या असत्या. बॅग भरताना मला म्हणाला, "ती येणार नाही गं. आणि इथे एकट्याने काय करू? तुम्ही सगळे रोज जेवायला बोलावता, ठीक आहे. पण माझ्याशी भांडायला कोणी मोकळं नाही."

गेल्या उन्हाळ्यात मी आणि श्रीराम डुइसबुर्गला गेलो. किल्ला नव्हताच. दुकानाच्या पाटीवर नुरजानच्या खाली शैलजाचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. ती आत एका मुलीच्या कमरेला टाचण्या लावत होती, तोंडातही टाचण्या, तिने मानेनेच बसायला सांगितलं.

"उल्हास कुठे आहे?"

तिने खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे फोटो काढायला नवरी निघाली होती. तिच्या झग्याचा लांबलचक मागचा भाग दोन्ही हातांवर उचलून उल्हास ट्रामचे रूळ ओलांडत होता. तेवढ्यात ट्राम आली आणि तिने घंटी वाजवली. त्याने मान वळवून ड्रायव्हरला जर्मनमध्ये काहीतरी सुनावलं आणि ट्राम थांबली.

"काय म्हणाला तो?" श्रीरामने विचारलं.

शैलजाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "म्हणायचं होतं, जरा थांबा. म्हणाला, मी गरोदर आहे." ती पुन्हा खाली वाकली. "पण थांबला ना तो."