जन्मभराची गोळी

हिमोग्लोबिन फक्त पाच? पट्टीवाल्या मावशीचा विश्वासच बसेना. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, गुंडाळायच्या, यात तिची हयात गेली. स्वतःची बोटं रोगानं आखडलेली, तरी तिच्या हातची गुंडाळी कधी सैल निघाली नाही. दुसऱ्यांचं रक्त टोपल्या भरभरून धुतलं, आणि आता तिच्याच अंगात रक्त नाही म्हणे!

"मशीन बिघडलं असेल," ती म्हणाली.

"दोनदा तपासलं, मावशी." डॉक्टरीणबाई नव्या होत्या, पण चिवट. तळव्याची जुनी जखम पाहिली, कोरडी होती. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटातून रक्त जातंय का, जंत आहेत का, सगळं विचारून झालं. जेवणाचा विषय निघाला तशी सून तडकली. "मी काय उपाशी ठेवते यांना? अंडं, पालेभाजी, सगळं देते. यांनाच ताट घेऊन कोपऱ्यात बसायचं असतं. नातीलासुद्धा जवळ येऊ देत नाहीत."

"रोग आहे ना मला," मावशी म्हणाली.

"अहो, तो कधीच गेला!" बाई म्हणाल्या. "कोर्स पुरा होऊन तीस वर्षं झाली. कागदावर आहे."

मावशी नुसती हसली. डॉक्टर काय, येतात नि जातात. तरुणपणी पहिल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ही पांढरी गोळी जन्मभर घ्यायची. पुढे तीन औषधांचा नवा कोर्स आला, आणि तो संपल्यावर सगळं बंद करा म्हणाले. मावशीनं मान डोलावली आणि पांढरी गोळी चालूच ठेवली. घरात लहान लेकरू होतं, रोग उलटला तर? नवरा दवाखान्यातल्या रोग्यांसाठी चपला शिवायचा, त्या चपलावाल्यालाही रोग तोच, म्हणून त्यालाही तीच गोळी. कोपऱ्यावरचा औषधवाला जुनं गिऱ्हाईक म्हणून चिठ्ठी मागत नसे.

"आणखी काही घेतात का?" बाईंनी सुनेला विचारलं.

"ही ताकदीची गोळी तेवढी." सुनेनं पिशवीतून डबी काढली. मावशीनं तिला तसंच सांगून ठेवलं होतं.

गोळी पाहताच बाईंचा चेहरा उतरला. "ही किती वर्षं घेताय?"

"पहिल्यापासून. एक दिवस चुकवला नाही," मावशी ऐटीत म्हणाली.

"मावशी, ही गोळी रक्त मोडते हो. वय झालं की ते लवकर भरूनही निघत नाही. तुमचं रक्त यानंच गेलं असणार. आजपासून बंद. रक्त चढवू, सुधाराल."

"ऐकलंत?" सुनेला रडावं की ओरडावं कळेना. "सुधाराल म्हणतायत!"

मावशीनं ऐकलंच नव्हतं. ती तोंडात मारल्यासारखी बसली होती. दोन वर्षांपूर्वी चपलावाला असाच पांढराफटक पडला होता. सुईत दोरा ओवतानाही त्याला धाप लागे. म्हातारपण आहे, असं सगळेच म्हणाले, आणि दवाखान्याच्या आवारात राहूनही त्याचं रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही.

"ह्यांनाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "पुरे आता गोळी, म्हणायचे. शेवटच्या दिवशी तर दात आवळून बसले."

बाईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

"मी नाक दाबून घातली," मावशी म्हणाली.