मंजू आत गेली तेव्हा

माझ्या मुलीने आयुष्यात एकदाच माझं निमूटपणे ऐकलं, आणि तो प्रसंग आठवला की मला अजून घाम फुटतो.

साठ सालानंतरची गोष्ट. विमा कचेरीतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला होतो. तिथलं आमचं मराठी मंडळ दर हिवाळ्यात एक एकांकिका बसवायचं. त्या वर्षीच्या नाटकात एक हुशार मुलगी बापाच्या गणितातली चूक काढते, बाप मान्य करत नाही, आणि बऱ्याच वादावादीनंतर शेवटी करतो. दिग्दर्शक मी, बाप मी, आणि मुलगी आमची मंजू, वय वर्षं आठ. एरवी 'मतलब' म्हटल्याशिवाय तिचं मराठी वाक्य सुरू व्हायचं नाही. पण आठवड्याच्या आत तिचं सगळं नाटक पाठ झालं. (माझे संवादसुद्धा. मला ते शेवटपर्यंत झाले नाहीत.)

तालमीत ती मला शिकवू लागली. म्हणाली, "मतलब, बाबा, तुम्ही रागावलात की पोट दुखल्यासारखं दिसतं."

दिग्दर्शक मी आहे, असं मी तिला बजावलं. तिने मान डोलावली आणि मग दिग्दर्शन कधी सुरू करणार, असं विचारलं.

त्यातच मंडळाने प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या माथुरसाहेबांना बोलावलं. माझी बढती त्यांच्या हातात! त्यांना मराठी येत नव्हतं, एवढाच काय तो आधार. तरी माझी झोप उडाली. दाढी करताना संवाद म्हणायचो, आणि चुकलो की न्हाणीघराच्या दाराबाहेरून मंजू दुरुस्त करायची.

प्रयोगाला शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका शाळेचा हॉल भरला होता. पडदा वर गेला, पहिल्या रांगेत साहेब दिसले आणि माझी पाटी कोरी झाली. विंगेत पुस्तक घेऊन बसलेली बायको कुजबुजत होती, पण कानात नुसता सूं आवाज. तेवढ्यात मंजू खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, आता तुम्ही म्हणणार, की मुलींनी फार बोलू नये. हो ना?"

हॉल हसला. साहेबही हसले, का ते त्यांनाच ठाऊक. माझ्यातला दिग्दर्शक, बाप आणि अधिकारी असे तिघेही एकदम खवळले. नाटकात नसलेलं वाक्य मी गरजलो, "गप्प बस आणि आत जा!"

आणि ती गेली.

पुढचं अर्धं नाटक आम्हा दोघांचंच होतं. मी रंगमंचावर एकटा उरलो. टेबल पुसलं. खुर्ची सरकवली, परत जागेवर आणली. खोकलो. मग विंगेशी जाऊन हळूच म्हटलं, "मंजू, ये बाळ."

"तुम्हीच आत जा म्हणालात," आतून उत्तर आलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

मी आशेने बायकोकडे पाहिलं. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "खरं आहे तिचं."

साहेब पुढे सरकून बसलेले. मी केविलवाणा होऊन विचारलं, "काय करू म्हणजे येशील?"

"आधी चुकलो म्हणा."

"चुकलो," मी म्हणालो.

"लोकांकडे बघून."

जयपुरातल्या यच्चयावत मराठी कुटुंबांकडे आणि माथुरसाहेबांकडे बघून, हात जोडून मी म्हणालो, "चुकलो." मंजू बाहेर आली, तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि बायकोने पडदा पाडला. टाळ्या थांबेनात. अर्धं नाटक गळालं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. साहेब तर आत येऊन माझा हात धरून म्हणाले, "भाई, वो लाचारी! बिलकुल असली लगी."

बढती मिळाली. मात्र पुढच्या वर्षी मंडळाने दिग्दर्शन एकमताने मंजूकडे दिलं. तिने मला भिंतीवरच्या तसबिरीतल्या, हार घातलेल्या आजोबांची भूमिका दिली. चौकटीमागे नुसतं उभं राहायचं, संवाद एकही नाही. तरी तालमीत तिची तक्रार होतीच, की बाबा फार हलतात.