वाटूरच्या लग्नातला खोटा फ्लॅश

अंबडला माझा फोटो स्टुडिओ आहे. आता एका लग्नात हजार फोटो काढतो आणि निम्मे पुसून टाकतो. पण रोलवर काम होतं तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि लग्नात नवरीच्या मावशीपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना आपला फोटो पाहिजे! नाही म्हणलं की रुसवा. म्हणून आम्ही सगळेच फोटोग्राफर एक करायचो. कॅमेरा डोळ्याला लावायचा, ‘हं, हसा’ म्हणायचं आणि फ्लॅशच्या पाठीवरचं बारकं बटन दाबायचं. उजेड लख्ख पडायचा, रोल जागचा हलायचा नाही. ह्याला आम्ही खोटा फ्लॅश म्हणायचो आणि आपसात हसायचो. लाज? बिलकुल नाही.

वाटूरच्या एका लग्नात मंडपाचं सामान घेऊन एक टेम्पोवाला आला होता, कुंभार पिंपळगावकडचा. सोबत बायको, तिला सहावा-सातवा महिना असेल. “भाऊ, आमचा बी एक काढा ना,” म्हणला. बायकोनं लाजत पदर सारखा केला. रोलमध्ये चार फोटो उरले होते आणि मंगलाष्टकं अजून व्हायची होती. दिला उडवून खोटा फ्लॅश.

फोटो न्यायला तो स्टुडिओवर तीनदा आला. “धुवायला जालन्याला पाठवलाय, पुढच्या आठवड्यात या,” असं मी तीनदा सांगितलं. मग यायचा बंद झाला. सुटलो एकदाचा, म्हणलं.

पुढं तीन-चार वर्षांनी मी डिजिटल कॅमेरा घेतला, कम्प्युटर घेतला आणि जुन्या निगेटिव्हची पोती माळ्यावर फेकली. काय तोरा होता माझा तेव्हा! त्यातच एका सकाळी ती बाई आली. कडेवर पोरगी. टेम्पो उलटून नवरा जागेवरच गेला होता, त्याला वर्ष होत आलं होतं.

“ह्यांचा एक बी फोटो न्हाई घरात,” ती म्हणाली. “मतदान कार्डावर नुसता काळा डाग हाय. पोरगी इचारून राह्यली, पप्पा कसे व्हते म्हणून. वाटूरला तुमी काढल्ता ना, तेवढा द्या भाऊ.”

तिथंच खरं बोलायला पाहिजे होतं. पण मी हलकट माणूस, शिडी लावून माळ्यावर चढलो, वाटूरचं पाकीट शोधून आणलं आणि निगेटिव्हच्या पट्ट्या तिच्या हातात दिल्या. निगेटिव्हमध्ये सगळ्यांची तोंडं काळी, केस पांढरे. ती खिडकीकडं पट्टी धरून एकेका माणसाशी थांबायची. “हे हायेत का ओ?” मी म्हणायचो, नाही. दीड तास असं चाललं.

“त्या फोटोला उजेड लागला असेल, खराब झाला,” शेवटी मी म्हणलो.

“मंग तुमी तरी काय करताल,” ती म्हणाली. “ते म्हणायचे, भाऊच्या मागं लई कामं असत्यात, सारखं जाऊन त्यांना तरास न्हाई द्यायचा.”

कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनं कम्प्युटरकडं बोट केलं. “ह्याच्यावर माणसाचं तोंड बनवता येतं म्हणं?” आणि धाकट्या दिराचा पासपोर्ट फोटो काढून दिला. नाक दोघा भावांचं एकच, असं ती म्हणाली. मी लगेच बसलो. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. ती शेजारी बसून सांगायची आणि मी करायचो. कपाळ जरा मोठं. मिशी दाट. हनुवटी बसकी. न्हाई, एवढी न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी एक प्रिंट काढली. पोरीनं ती दोन्ही हातांनी धरली आणि “पप्पा, पप्पा” करत स्टुडिओभर पळायला लागली.

बाई कम्प्युटरच्या पडद्याकडंच बघत होती. तिचं तोंड एकदम उतरलं.

“भाऊ, हे पुसा. जल्दी पुसा.”

मी पुसलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले, उघडले, परत मिटले. मग रडायलाच लागली. “मला बी आता ह्येच दिसून राह्यलं ओ. ते दिसनाच झालेत. कालपस्तोर दिसायचे.”

मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, “तुमी तर फोटो काढताना बघितल्तं ना त्यांना? कसे व्हते, तुमी सांगा.”

मी आठवून बघितलं. खरंच, लई आठवून बघितलं.

“नाही आठवत, बाई,” मी म्हणलो. दोन दिवसांत तिच्याशी तेवढंच खरं बोललो.