केसरबाईला माती कुठं मिळाली नाही

केसरबाई आणि मी बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे जिना चढणं. पाच मजले. लिफ्ट बंद होती. चालू असती तर आमच्या इमारतीत ती बातमी झाली असती. माझ्या एका हातात वांग्यांची पिशवी. काठी तिच्याकडे, कारण काठी मी मिरवायला घेतो आणि लागायची तिला. तिसऱ्या मजल्यावर ती पायरीवर टेकली.

"थांबा जराखा. घर काय पयी जास का?" मग घर एकदा पळालंच होतं हे आठवून स्वतःच हसली. "एक डाव पयनं म्हना."

केसरबाई माझी बायको. शिरपूरकडची. सुरतेत चाळीस वर्षं काढली, पण अहिराणी सोडली नाही. तिला गुजराती आली नाही, भाजीवाल्याला मात्र अहिराणी आली. मी चौथी पास म्हणून घरातला शहाणा. ती शाळेत गेलीच नव्हती म्हणून तिला माझा शहाणपणा लगेच कळायचा.

आमचं पहिलं घर नवागामला, खाडीच्या काठावर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं तिनं सारवलेला ओटा, ओट्यापुढं हातभर माती आणि वालाचा वेल. मी पांडेसऱ्याला एका कारखान्यात कापड रंगवायच्या मशीनवर होतो. आम्ही आत जो रंग वापरायचो तो खाडीत यायचा. संध्याकाळी घरी आलो की ती ओट्यावरून विचारायची, "आज लाल साड्या काढ्यात का?" तिला खाडीकडं बघून माझ्या पाळीत कोणता रंग चालला ते कळायचं.

मग खाडी साफ करायची योजना आली. काठावर बगीचा होणार, झाडं लागणार, पक्षी येणार. महापालिकेच्या साहेबांनी गल्लीत येऊन सांगितलं की खाडी काठावरच्या झोपड्यांमुळं घाण होते. मी मान डोलावली. तीस वर्षं स्वतःच्या हातानं रंग सोडलेला माणूस मी, पण साहेबांसमोर माझी मान आपोआप हलते, तिला मशीनसारखं बटण आहे. घरांच्या बदल्यात फ्लॅट मिळणार होते. पहिली सही मी केली. इस्त्रीचा शर्ट घालून केली. नंतर दारोदार फिरून बाकीच्यांना समजावलं, "अरे, घरात संडास, नळाला पाणी, अजून काय पाहिजे?" ज्यांच्याकडं जुने कागद नव्हते त्यांनी विचारलं, "आमचं काय?" मी म्हणालो, साहेब बघतील. साहेबांनी खरंच बघितलं आणि यादीतून काढलं. केसरबाईची शेजारीण जनाबाई त्यातलीच. तिनं पत्रे उचलले आणि पार कडोदऱ्यापलीकडं भाड्यानं गेली. जाताना मला टाळून आत गेली. केसरबाईचा हात धरून बराच वेळ उभी राहिली.

योजनेच्या फलकावर माझा फोटो लागला. हात जोडलेला, खाली लिहिलेलं, समाधानी लाभार्थी. मी केसरबाईला मुद्दाम दाखवायला नेलं. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"तुमनं तोंड दिखस. मना वटा कोठे शे?"

ओटा फलकाच्या बरोबर मागं होता, म्हणजे जिथं होता तिथं आता फुलपाखरांसाठी झुडपं लावली होती.

फ्लॅटमध्ये सगळं होतं. पंखा, नळ, चकचकीत फरशी. फक्त माती नव्हती, आणि ते मला श्रावणात कळलं. आमच्या खानदेशी घरात श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, ते घरच्यांनीच खायचे. खाऊन झालं की हात धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही. दारापुढं खड्डा खणायचा, त्यात सगळ्यांनी हात धुवायचे आणि खड्डा बुजवायचा. आमच्या घरची रीत अशी. पाचव्या मजल्यावर खड्डा कुठं खणणार?

मी म्हणालो, "मोरीत सोड. पाइपातून खाडीतच जातं सगळं." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी रोट खाली ठेवला.

मग मी डोकं चालवलं. नर्सरीतून दोन पोती माती विकत आणली, प्लास्टिकच्या पिंपात भरली, पिंप गॅलरीत ठेवलं. ती म्हणाली, "इकत लयेल माटीमा कानबाईनं पानी?" तरी माझं मन राखायला सगळ्यांनी त्यात हात धुतले. पिंपाला खाली चीर होती. चौथ्या मजल्यावरचा यादव वर आला. भला माणूस. म्हणाला, "चाचा, आपके घर से परसाद टपक रहा है. पापड़ सुखाए थे." केसरबाई पदरानं तोंड झाकून हसली. मला मात्र तिनं ते पिंप खाली नेऊन टाकायला लावलं.

पुढच्या वर्षी तिनं ते पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलं आणि मला घेऊन बगीच्यात गेली. तिकीट काढलं. पहारेकऱ्यानं खणायला मनाई केली, पाणी घालायला नाही. तिनं फाटकापासून पावलं मोजली, झुडपांपाशी थांबली, म्हणाली "आठे उंबरा व्हता", आणि बाटली ओतली. पहारेकरी मला म्हणाला, "काकीला झाडांची फार माया दिसते." मी म्हणालो, हो. तेवढं खोटं बोलायला मी कायम तयार असतो. त्यानंतर दर वर्षी आम्ही तिकीट काढून आपल्याच दारात जाऊन यायचो.

यंदा योजनेचा दुसरा भाग निघाला. खाडीपलीकडची गल्ली उठवायची होती. साहेब माझ्या घरी आले, लिफ्ट बंद म्हणून धापा टाकत. म्हणाले, "काका, सभेत तुम्ही दोन शब्द बोला. लोक तुमचं ऐकतात." मी लगेच हो म्हणालो. बटण.

जिन्यात तिसऱ्या मजल्यावर बसली होती तेव्हा तिनं तोच विषय काढला. सभा दोन दिवसांवर होती.

"काय सांगशात तठे?"

"सांगेन की, फ्लॅट चांगला आहे."

"फ्लॅट चांगलाच शे," ती म्हणाली. "जनानं काय व्हयनं ते बी सांगशात का?"

जनाबाईचं नाव निघालं तसा मी म्हणालो, वर चल, चहा ठेवतो.

"जाशात ते खरं सांगज्यात. नही ते घरमा बठा."

वर येऊन मी चहा केला. साखर जास्त झाली, ती तिनं बोलून दाखवली आणि सगळा प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेली. दुपारी आम्ही तिला अश्विनीकुमारच्या स्मशानात नेलं. खाली उतरवायला चार माणसं लागली आणि यादव पुढं होता.

त्याच्या पुढच्या सकाळी मी अंघोळ करून सभेला निघालो. रमेश, माझा मुलगा, दारात आडवा आला. "पप्पा, सुतक आहे. लोको शुं कहेशे?" मी म्हणालो, लोकांनाच भेटायला चाललोय.

सुतकात कोणाच्या मांडवात शिरू नये म्हणून मांडवाबाहेर, उन्हात उभा राहिलो. साहेबांनी माइक बाहेर आणून दिला. मी म्हणालो, "आमच्या गल्लीत पहिली सही माझी. यादी मी वाचली नव्हती. जनाबाईचं नाव तिच्यात नव्हतं, आणि मी तिला म्हणालो होतो की साहेब बघतील. तुम्ही सही करा नाहीतर नका करू, पण आधी यादी इथं सगळ्यांसमोर वाचून घ्या. ज्याचं नाव येणार नाही त्यानं हात वर करायचा. तो हात खाली येईपर्यंत दुसऱ्या कुणी पेन धरायचा नाही."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मान आपोआप हलायला लागली होती, ती मी धरून ठेवली.

पुढं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "काका, काकी नाही आली?"

"काल गेली," मी म्हणालो.

तोपर्यंत हे मी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं, रमेशनंच सगळीकडं फोन केले होते. त्या बाईनं उठून मला तिथंच खाली बसवलं, मग साहेबांच्या हातातली यादी घेऊन आपल्या मुलीला दिली आणि म्हणाली, वाच. पोरगी मोठ्यानं नावं वाचायला लागली. मी शेवटपर्यंत तिथं जमिनीवर बसून ऐकली.